विमानांतून जाणारा धोक्याचा माल

मालवण, वेंगुर्लें, देवगड या किनाऱ्यावरील घरांत जाऊन सुकें खोबरें हा धोक्याचा पदार्थ आहे असें कोणीं सांगितलें, तर ऐकणाराला हसूं आल्यावांचून राहणार नाहीं. नारळाच्या वाट्या खळ्यांत वाळत घालाव्या, मसाल्यासाठीं डब्यांत भराव्या आणि त्यांतल्या चार मुंबईच्या चाकरमान्याच्या पिशवींत घालाव्या, हा तेथील नित्याचा व्यवहार. तथापि धोक्याच्या मालाच्या आंतरराष्ट्रीय यादींत याच खोबऱ्याला १३६३ हा क्रमांक दिलेला असून, आपोआप तापून पेट घेणाऱ्या पदार्थांत त्याची गणना होते. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजीं सुरू झाला आणि तेरेखोलपलीकडे मोपाचा जानेवारी २०२३ मध्यें. तेव्हांपासून ही यादी सिंधुदुर्गांतील गृहस्थाच्या दाराशीं येऊन ठेपली आहे.

खोबऱ्यांत निम्म्याहून अधिक भाग तेलाचा असतो. वाळवण अपुरें राहिलें तर आंतील ओलीवर बुरशी धरते आणि बुरशीच्या वाढीबरोबर ऊब निर्माण होते. पुढें तेलाचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊं लागतो, उष्णता आणखी वाढते. आणि पोत्यांची थप्पी लागलेली असेल तर ती बाहेर पडूं शकत नाहीं. ओलें गवत उडवींत रचलें तर आंतून वाफा निघतात, हें कोंकणांतील शेतकऱ्याला सांगावें लागत नाहीं. खोबऱ्यांत त्यावर तेलाची भर. पिशवींतल्या दोन वाट्यांनीं विमान पेटेल असें कोणी म्हणत नाहीं. परंतु कोणती वाटी पुरती वाळलेली आणि कोणती ओलसर, हें तपासणीच्या जागीं ठरवितां येत नाहीं. म्हणून आपल्याकडील विमान कंपन्या प्रवाशांच्या सामानांत सबंध सुकें खोबरें सहसा घेत नाहींत. या नियमावर रागावणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, आगगाडींत धूर दिसला तर गाडी थांबवून उतरतां येतें.

मासळीची गोष्ट याहून चमत्कारिक. सुरमई किंवा पापलेट दूरच्या गांवीं धाडतांना पुष्कळदां कोरडा बर्फ वापरतात. हा बर्फ पाण्याचा नव्हे. गोठविलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूचा. त्याचें उष्णतामान शून्याखालीं सुमारें ७८ अंश असतें, आणि तो वितळत नाहीं, थेट वायु होतो. एका किलोपासून पांचशें लिटरांच्या आसपास वायु निघतो. मासळीचा वास बाहेर येऊं नये म्हणून पेटी चहूंबाजूंनीं चिकटपट्टीनें बंद करावी, असें कोणाही सुगृहिणीला वाटेल. पण नेमकें तेंच करावयाचें नाहीं. वायूला वाट ठेविली नाहीं तर पेटी फुटते. बर्फ फार असेल तर मालाच्या कोठडींतील हवा श्वासाला निरुपयोगी होते, आणि तेथें एखादें कुत्रें किंवा मांजर ठेवलेलें असलें तर तें गुदमरतें. यासाठीं पेटीवर बर्फाचें वजन लिहावें लागतें.

धोक्याच्या मालाचे एकंदर नऊ वर्ग आहेत. स्फोटकें, वायु, ज्वालाग्राही द्रव, विष, किरणोत्सर्गी द्रव्यें इत्यादि. भारतानें यासंबंधीं २००३ सालीं स्वतंत्र नियम केले. वेष्टण कसें असावें, चिठ्ठी कोणती लावावी, कशाशेजारीं काय ठेवूं नये, हें सर्व त्या वर्गावरून ठरतें. परंतु वर्ग ठरतो तो माल पाठविणाराच्या शब्दावरून. लोडर पेटी उघडून पाहत नाहीं. तो चिठ्ठी वाचतो.

१९७३ च्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्कहून निघालेल्या एका मालवाहू विमानांत नायट्रिक ॲसिडच्या बाटल्या लांकडाच्या भुशांत बसविल्या होत्या. काचसामान बसवावयास भुसा उत्तम. पण ॲसिड झिरपलें आणि त्याचा भुशाशीं संयोग होऊन धूर झाला. बोस्टन येथें उतरण्याच्या प्रयत्नांत विमान कोसळलें व तिघेही वैमानिक गेले. ११ मे १९९६ रोजीं मायामीहून सुटलेल्या विमानांत प्राणवायु निर्माण करणाऱ्या नळकांड्यांचे पांच खोके होते. कागदावर तीं ‘रिकामीं’ म्हणून लिहिलीं होतीं. तीं रिकामीं नव्हतीं. उड्डाणानंतर दहा मिनिटांच्या आंतबाहेर विमान दलदलींत कोसळलें आणि त्यांतील ११० माणसांपैकीं एकही वांचलें नाहीं.

कुरियरच्या कचेरींत ‘आंत काय आहे?’ या रकान्यांत ‘घरगुती सामान’ असें लिहून मोकळें होण्याची चाल आपल्याकडे सर्रास आहे. त्या सामानांत लोणच्याच्या बरणीशेजारीं अत्तराची कुपी असते, नेलपॉलिश असतें, डासांवर मारावयाच्या औषधाचा डबा असतो, आणि अलीकडे लिथियमची बॅटरीही असते. ही बॅटरी बिघडली तर स्वतःच्याच उष्णतेनें पेटते व शेजारणीला पेटविते. नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानांतून माल म्हणून नेण्यास १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. प्रवाशाची पॉवर बँक मात्र पोटांतील कोठडींत न टाकतां त्यानें स्वतःजवळ ठेवावयाची असते. धोक्याची वस्तु माणसांतच कां ठेवतात, असें पुष्कळ जण विचारतात. तिच्यांतून धूर निघूं लागला तर तो पाहणारा आणि पाणी ओतणारा तेथें कोणीतरी असतो.