विष्णुपुरीच्या आधी उमरी



गरोदरपणातल्या तीव्र बीपीवर बोलायला उमरीइतकी योग्य जागा नाही. अतिदक्षता विभाग नांदेडला विष्णुपुरीत आहे, पण झटका गोरठ्याच्या घरातही येतो आणि नांदेडच्या वाटेवर गाडीतही येतो.

आपल्याकडे पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी येते. हा आजार डोके वर काढतो तोही बहुधा याच सुमारास. आधीच्या बीपीच्या नोंदींचे कार्ड मात्र सासरी राहते. निजामाबादकडून आलेलीचे असलेच तर तेलुगूत. मग आजचे 150/100 जुने की नवे, कोण सांगणार? घरातल्या बायका म्हणतात, ‘पहिल्या खेपेला पायाला सूज येतीच की.’ येते खरी. म्हणून बीपी आणि लघवी तपासायची आणि खिशातली टेप काढायची. 24 आठवड्यांनंतर पोटाची उंची सेंटिमीटरमध्ये साधारण आठवड्यांइतकी भरते. ती तीनने मागे पडली, तर सोनोग्राफी आणि डॉपलर हवेच.

आईचे बीपी आणि बाळाची खुंटलेली वाढ ही बहुतेकदा एकाच दुखण्याची दोन टोके असतात. वारेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या सुरुवातीलाच पुरेशा रुंदावलेल्या नसतात. त्यामुळे बीपीच्या गोळीने बाळ वाढत नाही, प्रोटीन पावडरच्या डब्यानेही नाही. (तो डबा आपण तरी का लिहून देतो?) उलट बीपी एकदम खाली आणले, तर वारेकडे जाणारे रक्त आणखी आटते. 160/110 च्या वर असेल तर उपचार तातडीने करा, पण 140-150 वर थांबा.

त्यासाठी सलाईनचीच वाट पाहावी लागते असेही नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि डागा रुग्णालयात 894 स्त्रियांवर झालेला अभ्यास 2019 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. निफेडिपिन, लॅबेटालॉल किंवा मिथाइलडोपा, यांपैकी एकच औषध तोंडावाटे देऊन बहुतेकींचे बीपी सहा तासांत आटोक्यात आले. हे आपल्याच राज्यातल्या सरकारी दवाखान्यांत सिद्ध झाले आहे.

मॅग्नेशियमबाबत मात्र अजून हात कचरतात. 33 देशांतल्या दहा हजार स्त्रियांवरच्या ‘मॅगपाय’ अभ्यासाने 2002 मध्ये दाखवून दिले की त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई यांनी तर आपल्या कमी वजनाच्या बायकांसाठी कमी डोसाची पद्धत मांडली. नांदेडला पाठवण्याआधीचा नेहमीचा डोस मात्र असा: 50 टक्क्यांचे 2 मिलीचे एक अँप्यूल म्हणजे एक ग्रॅम, पाच अँप्यूल एका कुल्ल्यात, पाच दुसऱ्यात, स्नायूत खोल. पुढचा डोस देण्यापूर्वी गुडघ्यावर हातोडी मारून पाहा, श्वास मोजा, लघवी मोजा. कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवा.

34 आठवडे भरले असतील, तर तीव्र प्रकारात थांबण्यात अर्थ नाही. त्याआधी थांबायचेच, तर नवजात अतिदक्षता कक्ष असेल तिथेच. आणि डेक्सामेथासोनची पहिली सुई इथेच द्या. नाळेतला रक्तप्रवाह उलटा दिसू लागल्यावर बाळ आत राहून वजन धरेल, ही आशा सोडा. नातेवाइकांना हे स्पष्ट सांगा, गोड बोलून वेळ काढू नका.

तेव्हा माझी मागणी एवढीच आहे. उमरीहून निघणाऱ्या प्रत्येक 108 गाडीतल्या चिठ्ठीवर बीपी, पोटाची उंची आणि मॅग्नेशियम दिल्याची वेळ लिहिलेली असावी. ती नसेल, तर विष्णुपुरीच्या डॉक्टरांनी फोन करून आपल्याला जाब विचारावा.