शीरखुर्म्याचा हिशेब

(युवा शिबिरातील व्याख्यानाचे शब्दांकन)



जेवणानंतरचं सत्र मला दिलंय आणि आज जेवणात जर्दा होता. कुणी कुणी दोनदा घेतला ते मी पाहिलंय. घाबरू नका, नावं घेणार नाही.

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, दिवसाचे दहा तास खुर्चीत असतो. दोन वर्षांपूर्वी वार्षिक तपासणीत माझं एचबीएवनसी ६.२ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. माझ्या अब्बांना मधुमेह आहे आणि त्यांच्या पायाचं एक बोट काढावं लागलंय. त्यामुळे हा आकडा माझ्यासाठी नुसता आकडा नव्हता. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटींहून जास्त लोक उंबरठ्यावर उभे आहेत. तुम्ही बहुतेक पंचविशीतले आहात. तपासणी किती जणांनी केलीय, ते विचारत नाही.

घाबरलेला इंजिनिअर जे करतो तेच मी केलं. रात्री दोनपर्यंत व्हिडिओ पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून कीटो. भात, पोळी, डाळ, चहा, बिस्किटं मिळून आपले दिवसाला अडीचशे-तीनशे ग्रॅम कार्ब सहज होतात. तिथून मी थेट वीसवर आलो. पहिल्याच आठवड्यात तीन किलो उतरले. नंतर कळलं, त्यात बहुतेक पाणीच होतं. शरीर ग्लायकोजेनच्या रूपात जी साखर साठवतं, तिच्यासोबत साधारण तिप्पट पाणी धरून ठेवतं. साठा संपला की ते पाणी जातं, त्याबरोबर मीठही जातं. मग डोकं दुखतं, माणूस चिडतो आणि गोडाची तलफ येते. मी तिला इच्छाशक्तीची परीक्षा समजून दात-ओठ खात बसायचो. हवं होतं ते ग्लासभर मीठ घातलेलं ताक, नाहीतर वाटीभर यखनी. (बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा.)

दोन महिने टिकलो. मग ईद आली. सहा घरी गेलो, सहा कटोऱ्या शीरखुर्मा झाला आणि पुढचे तीन आठवडे मी समोर येईल ते खात होतो. ‘आता मोडलंच आहे तर’ हे वाक्य फार वाईट.

दुसरीही एक गोष्ट मोडत होती, ती मला दिसत नव्हती. घरात सगळ्यांसाठी पोळी-भाजी व्हायची आणि माझ्यासाठी वेगळं अंडं-पनीर. करणारी माझी बायको, तीही नोकरीवाली. एकदा म्हणाली, ‘डाएट तुम्हारी, मेहनत मेरी.’ तुमच्यापैकी जे मुलगे उद्यापासून लो-कार्ब सुरू करणार आहेत, त्यांनी आधी आपलं आम्लेट आपण करायला शिकावं. मी उशिरा शिकलो.

दुसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा कार्ब शंभर ग्रॅमच्या आसपास ठेवले. एक भाकरी, डाळ, भाज्या, दही, अंडी, मटण-मासे, मूठभर दाणे. भात आठवड्यातून दोनदा, तोही थोडा. आणि ऑफिसात बगची नोंद ठेवतो तशी तलफेची नोंद ठेवली : किती वाजले, कुठे होतो, त्याआधी काय खाल्लं होतं, सोबत कोण होतं. तीन आठवड्यांनी ती वही वाचून हसू आलं. चार वाजताच्या तलफेमागे जवळजवळ प्रत्येक वेळी सकाळचा चहा-खारीचा नाश्ता होता. दोन अंडी किंवा रात्रीचा उरलेला खिमा खाल्ला त्या दिवशी चार वाजले कधी, कळायचं नाही. रात्रीच्या तलफेला भुकेशी देणंघेणं नव्हतं, ती सवय होती. तिला मी वाटीभर घट्ट दही, वेलची, थोडं जायफळ आणि हंगामात महाबळेश्वरची चार स्ट्रॉबेरी, यांवर आणून ठेवलं. जेवणानंतर लगेच खायचं. तेच गोड उपाशीपोटी खाल्लं तर साखर जास्त वेगाने चढते.

‘शुगर-फ्री’ बिस्किटं मीही आणून पाहिली. पाकीट उलटं करून मागचा तक्ता वाचा. साखर शून्य असेल, पण मैदा आहेच, आणि मैद्याची शेवटी ग्लुकोजच होते. कृत्रिम गोडीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ती वापरू नये. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ही सूचना लागू नाही. माझा अनुभव इतकाच की त्या गोळ्यांनी जिभेची गोडाची अपेक्षा कमी होत नाही. चहातली साखर दोन चमच्यांवरून दीड, एक, अर्धा अशी उतरवत गेलो. आता लग्नातला चहा मला पाकासारखा लागतो.

वहीतली तिसरी पानं मात्र माणसांची होती. आपलं वर्षच पाहा ना. मोहरमचे चोंगे, शबे-बारातचा हलवा, रमजान, ईद, फातेहाचा मलिदा, मंगनी झाली की ‘मुंह मीठा करो’. एकटी बकरी ईद तेवढी लो-कार्ब! यात नको म्हणणं म्हणजे त्या घराला नको म्हणणं. ‘एक कटोरी से क्या होता?’ असं फुफी विचारते तेव्हा ती ग्रॅमचा प्रश्न विचारत नसते.

मुलींचं तर आणखी अवघड. माझ्या एका मावसबहिणीला पीसीओएसमुळे डॉक्टरांनी गोड कमी करायला सांगितलं. ती पाहुण्यांसमोर बिनसाखरेचा चहा मागत नाही. का? ‘लडकी को शक्कर है’ अशी बातमी गावभर होईल आणि रिश्ते यायचे थांबतील. म्हणून ती साखरेचा चहा पिते आणि मोबाइलवर कॅलरी मोजते. हा आहाराचा प्रश्न आहे असं मला वाटत नाही. या खोलीत जे उद्या मुलगी ‘पाहायला’ जाणार आहेत, त्यांनी तिथे आपणहून बिनसाखरेचा चहा मागून बघावा. ट्रे घेऊन आलेल्या मुलीला बरं वाटेल.

आणखी एक नाजूक मुद्दा. ‘शहद सुन्नत आहे, त्यानं साखर वाढत नाही’, हे मी घरात लहानपणापासून ऐकलं. खजुराबद्दलही तेच. आदर आपल्या जागी, पण ग्लुकोमीटरला सुन्नत कळत नाही. मधात शंभर ग्रॅमला ८० ग्रॅमहून जास्त कार्ब, खजुरात ७० ते ७५. गूळही साखरेचाच भाऊ. उलट परंपरेतली एक चांगली गोष्ट आपण विसरलोय : एक किंवा तीन खजूर, पाणी, मग मगरिबची नमाज आणि नंतर जेवण. त्या दहा-पंधरा मिनिटांत भुकेचा जोर ओसरतो. आपण मात्र खजूर, गुलाबी सरबत, फ्रूट चाट आणि भजी अजानबरोबरच संपवतो.

रोज्यांबद्दल एवढं नक्की ऐका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर कार्ब एकदम कमी करू नका. साखर धोकादायक उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेऊन कीटो आणि उपवास एकत्र केले तर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. बोट टोचून साखर तपासल्यानं रोजा तुटत नाही. साखर ७०च्या खाली गेली तर रोजा लगेच सोडायचा. आजारी माणसाला सूट आहे, ती घेण्यात कमीपणा नाही.

आता शीरखुर्मा. आमच्या घरचं प्रमाण असं : एक लिटर दूध, १०० ग्रॅम शेवया, १५० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम खारीक, १०० ग्रॅम बदाम-पिस्ते-चारोळी. मी कागदावर मांडलं. सगळे मिळून साधारण ३७० ग्रॅम कार्ब, दहा कटोऱ्या, म्हणजे एका कटोरीत ३७. सहा घरं म्हणजे दोनशेच्या वर. गेल्या ईदला पातेलं मी घेतलं. साखर नाही, शेवया ४० ग्रॅम तुपात खरपूस भाजलेल्या, खारीक ८० ग्रॅम, त्यातली निम्मी भिजवून वाटलेली, मेवा दीडपट, थोडा बदाम वाटून दाटपणाला. वेलची, केशर. कटोरीला सुमारे १७ ग्रॅम. शून्य नाही, पण निम्म्याहून कमी. अम्मी पातेल्याशेजारी उभी राहून काळजीनं बघत होती.

अब्बांनी पहिला चमचा घेतला आणि विचारलं, ‘शक्कर भूल गया क्या?’ मी म्हटलं, नाही. ते उठले, स्वयंपाकघरातून डबा आणला आणि एक चमचा साखर वरून घातली. आम्ही सगळे गप्प. त्याआधी आम्ही त्यांच्यावर इतका पहारा ठेवायचो की ते मशिदीतून येताना शेजारच्यांकडे जाऊन खायचे. बोट काढल्यानंतरही. शेजाऱ्यांनी सांगितलं तेव्हा अम्मी रडली होती. या ईदला त्यांनी आमच्यासमोर बसून एक कटोरी खाल्ली, संध्याकाळी स्वतः साखर तपासली आणि आकडा मला वाचून दाखवला. फार चांगला नव्हता. पण मला कळला.

आयोजकांना मी सकाळीच एक विनंती केली होती. बाहेर चहाचे दोन थर्मास ठेवलेत, डावीकडचा बिनसाखरेचा. साखर बाजूला वाटीत आहे, चमच्यासकट. प्रश्न असतील तर चहा घेता घेता विचारा.