गाडी थंडीत का रुसते?

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

डिसेंबर-जानेवारीत निगडी, आकुर्डी, भोसरी भागातल्या सोसायट्यांच्या वाहनतळांवर पहाटे सहाच्या सुमारास एक ठरावीक आवाज ऐकू येतो. किल्ली फिरते, ‘घर्र... घर्र... टक्’ होते आणि सगळे शांत. पहिल्या पाळीला निघालेला माणूस घड्याळाकडे पाहतो आणि पुन्हा सेल्फ मारतो. चाकणचा कारखाना वीस-पंचवीस किलोमीटरवर आणि कार्ड पंच करायची वेळ ठरलेली. शेजारचे दोघे धक्का मारायला धावतात आणि एकमताने निदान होते, ‘थंडी फार पडलीय!’ या निदानाची आज आपण थोडी उलटतपासणी करणार आहोत.

आपली थंडी असते तरी किती? पुण्याच्या शिवाजीनगर वेधशाळेतले आजवरचे नीचांकी तापमान १.७ अंश सेल्सिअस आहे. ते १७ जानेवारी १९३५ या दिवशी नोंदले गेले. एरवी कडाक्याची म्हणावी अशी पहाट म्हणजे ८ ते १० अंश. लडाखमध्ये हिवाळ्यात डिझेलमधले मेण गोठून फिल्टर तुंबतो, म्हणून तिथे इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल आणले. आपल्याकडे डिझेल गोठत नाही, इंजिनातले पाणीही गोठत नाही. धडधाकट गाडी ८ अंशांना अडायचे काहीच कारण नाही. तरीही ती अडते, ते का?

इंजिन सुरू व्हायला आधी ते कोणीतरी फिरवावे लागते. पूर्वी हे काम हॅंडल मारून करीत. १९१२मध्ये कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर आला आणि हॅंडल हळूहळू गेले. हा स्टार्टर क्षणभर शंभर-दोनशे अँपिअरची वीज ओढतो, डिझेलच्या मोठ्या इंजिनाला त्याहूनही जास्त लागते. ती सगळी बॅटरीतून येते. बॅटरीतली वीज म्हणजे शिसे आणि आम्ल यांच्यातली रासायनिक क्रिया, आणि थंडीत ती मंदावते. शून्य अंशाला बॅटरीची ताकद साधारण एक तृतीयांशाने घटते. ८-१० अंशांना त्यापेक्षा बरीच कमी.

त्याच वेळी इंजिनातले ऑइल घट्ट झालेले असते. फ्रिजमधले तूप आणि ओट्यावरचे तूप यांतला फरक गृहिणींना सांगायला नको. ऑइलच्या डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’ किंवा ‘२०डब्ल्यू-४०’ असे लिहिलेले असते. त्यातला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा आहे. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते ऑइल थंडीत पातळ राहते. म्हणजे थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि नेमका तेव्हाच तिच्यावरचा भार वाढतो.

तिसरी गोष्ट इंधनाची. पेट्रोल द्रवरूपात नीट पेटत नाही, त्याची वाफ व्हावी लागते आणि थंडीत ती कमी होते. म्हणून जुन्या गाड्यांत चोक ओढून पेट्रोलचे प्रमाण वाढवीत. स्कूटर एका बाजूला तिरकी करून मग किक मारणारी पिढी तर आकुर्डीच्या परिसराने घरोघर पाहिली आहे. आता इंजेक्शनच्या गाड्यांत इंजिनाचे तापमान पाहून संगणकच हे प्रमाण ठरवतो. डिझेलला ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटते, आणि थंड इंजिन ती उष्णता शोषून घेते. त्यासाठी हीटर प्लग असतात. डॅशबोर्डवरचा वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचे, ते याचसाठी.

पण श्रोतेहो, खरी मेख पुढेच आहे. ही तिन्ही कारणे धरूनही ८-१० अंशांची थंडी चांगल्या बॅटरीला हरवू शकत नाही. ती हरवते आधीच खचलेल्या बॅटरीला, आणि बॅटरीला खचवतो तो उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत कारखान्याच्या उघड्या वाहनतळावर गाडी दिवसभर तापते. बॉनेटखाली तर भट्टीच असते. बॅटरीतले पाणी उडते, आतल्या पट्ट्यांची जाळी झिजते. तापमान १० अंशांनी चढले, की बॅटरीचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा ढोबळ हिशेब आहे. उन्हाळ्यात हे कळत नाही, कारण ऑइल पातळ असते आणि इंजिन सहज फिरते. अशक्त माणूस सपाट रस्त्यावर चालत राहतो. दिवेघाट लागला की त्याला धाप लागते. कर्ज मे महिन्यात होते, वसुली जानेवारीत. आपण मात्र वसुलीला आलेल्यालाच दोष देतो.

त्यात आपल्या औद्योगिक पट्ट्याची दिनचर्या भर घालते. निरभ्र रात्री जमीन उष्णता सोडत राहते आणि सूर्योदयाच्या सुमारास पारा सर्वांत खाली असतो. नेमकी तीच पहिल्या पाळीची वेळ. अनेकांचा प्रवास निगडी ते भोसरी एवढाच. तेवढ्या अंतरात सेल्फने खर्च केलेली वीज अल्टरनेटर पुरती भरून देत नाही. गुरुवारच्या औद्योगिक सुट्टीत गाडी उभी राहते आणि शुक्रवारी पहाटे रुसते.

मग गाडी अडली तर करायचे काय? आधी आवाज ऐका. नुसते ‘टक् टक्’ वाजून दिवे मंदावत असतील, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचली आहे. इंजिन रडत-रखडत फिरत असेल, तर बॅटरी अशक्त आहे किंवा ऑइल जास्त घट्ट आहे. इंजिन जोमाने फिरते पण पेटत नाही, तर बॅटरी बिचारी निर्दोष आहे; प्लग, इंधन किंवा हीटर प्लग तपासा. एवढे ऐकता आले, तरी नको तिथला खर्च वाचेल.

सेल्फ मारताना दिवे, पंखा, रेडिओ बंद ठेवा. क्लच दाबा, म्हणजे गिअरबॉक्समधले घट्ट ऑइल ढवळण्याचे काम वाचते. पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. दुसऱ्या गाडीवरून केबल जोडायची झाल्यास आधी लाल टोके अधिक खुणेला लावा. मग काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या उणे खुणेला आणि शेवटचे टोक अडलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावा. बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. तिथे ठिणगी पडणे बरे नव्हे.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. बंद गॅरेजमध्ये किंवा शटर ओढून ‘इंजिन गरम’ करीत बसू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. माणसाला कळायच्या आत तो जीव घेतो. तसे गरम करत बसण्याची गरजही नाही. गाडी सुरू झाली, की अर्ध्या-एक मिनिटात निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा.

आज चाकणला विजेवर चालणाऱ्या मोटारीही तयार होतात. त्यांना सेल्फ नसतो, म्हणून त्यांचे मालक निश्चिंत असतात. पण त्यांच्यातही १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी असते. ती उतरली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

तेव्हा बॅटरीची तपासणी थंडी पडल्यावर नव्हे, दसऱ्याला करा. आपण त्या दिवशी गाडीला हार घालतोच, तेव्हा बॉनेटही उघडा. टर्मिनल साफ करा आणि बॅटरीला टोपणे असतील तर डिस्टिल्ड पाणी भरा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचा दाब मोजून घ्या. तो १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर उत्तम; १२.२ म्हणजे बॅटरी निम्मीच भरलेली आहे. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल, तर दुकानात भार देऊन तिची चाचणी करून घ्या. त्याला दहा मिनिटे लागतात. बुडालेल्या पाळीचा पगार त्याहून कितीतरी महाग पडतो.