सुटून आलेल्याच्या घरी

आज आम्ही गटातल्या बाया जरा अवघड विषयावर बोलणार आहोत. तुरुंगातून सुटलेला माणूस पुन्हा तुरुंगात का जातो?

आमच्या गटातल्या एका वहिनींचा नवरा विहिरीवरची मोटार चोरली म्हणून दोन वर्षं आत होता. सुटून आला, तर कुणी रोजानं बोलवेना. ऊसतोडीच्या मुकादमानं टोळीत घेतलं नाही. गावात कुणाची केबल गेली की माणसं आधी त्याच्याच दारात. वहिनींनी शेळ्यांसाठी गटाकडं कर्ज मागितलं, तर आम्हीच म्हटलं, "वहिनी, पुढच्या महिन्यात बघू." खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनाही होतं.

सातव्या महिन्यात त्यानं पुन्हा मोटार उचलली, तीही गटातल्याच एका आक्कांच्या विहिरीवरची. त्यांचा कांदा पाण्यावाचून वाळला. चोरी ती चोरीच, आम्ही ती झाकत नाही. पण त्या सात महिन्यांत त्याला कष्टाचा रुपया मिळेल अशी एक जागा आम्ही ठेवली नव्हती.

आपल्याच सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानानं १९३९ साली सुरू केलेली कैद्यांची खुली वसाहत. तिथं शिक्षा चालू असतानाच कैदी शेती करतात, बायकामुलांसोबत राहतात. व्ही. शांतारामांचा १९५७चा 'दो आँखें बारह हाथ' तिच्यावरूनच सुचलेला. तिथं निवडून घेतलेलेच कैदी असतात, हे खरं. तरी काम आणि घर या दोन गोष्टी त्यांना आतच मिळतात. आमच्या गावात त्या सुटलेल्या माणसालाही मिळाल्या नाहीत.

एक कामाची गोष्ट सांगतो. कोठडीतल्या माणसाला सरकारकडून मोफत वकील मिळतो. बाईलाही मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं अर्ज करायचा. हे आम्हाला उशिरा कळलं. पहिल्या खेपेला वहिनींनी वकिलासाठी डोरलं गहाण टाकलं होतं, ते अजून सुटलेलं नाही.

आता दिवाळीनंतर तो सुटतोय. वहिनींचा अर्ज पुन्हा आलाय, दोन शेळ्यांसाठी वीस हजार. शुक्रवारी बैठक आहे. आम्ही पाच जणी जामीन राहायला तयार आहोत. आक्का मात्र नको म्हणतात, आणि त्यांच्या वाळलेल्या कांद्यापुढं काय बोलावं, हे आम्हाला अजून सुचलेलं नाही.