परतीची तार

ध्वनिमुद्रणाच्या दालनांत प्रथमच पाऊल टाकणाऱ्या मनुष्याचें लक्ष दोन वस्तू वेधून घेतात. एक, शेंकडों गुंड्या व सरकपट्ट्या मिरविणारें मिश्रणाचें मेज, म्हणजेच मिक्सिंग कन्सोल; आणि दुसरी, दोन मोठाल्या चक्रांवरून तपकिरी फीत संथपणें फिरविणारा अनेकपट्टी टेपरेकॉर्डर. या दोहोंच्या मध्यें तारांचा जो जाडजूड जुडगा असतो, तिकडे मात्र तो क्वचितच पाहतो. पाटाचें पाणी वाफ्यांत सोडावें तसा मेजांतून निघालेला आवाज या तारांवाटे फितीवर जाऊन पडतो आणि काम संपतें, अशी त्याची समजूत असते. ही समजूत अर्धीच खरी आहे. मेजाकडून यंत्राकडे जशा तारा जातात, तशाच यंत्राकडून मेजाकडे परतही येतात. आणि थरावर थर चढवून गाणें रचण्याची जी कला विसाव्या शतकाच्या मध्यास उदयास आली, ती या परतणाऱ्या तारांवांचून अशक्य होती.

जाणाऱ्या तारांचा प्रकार त्या मानानें सोपा आहे. पण तेथेंही ठेंच लागते. मायक्रोफोनपासून मिळणारा विद्युद्दाब व्होल्टच्या कांहीं हजारांशांइतकाच असतो. मेज तो वाढवून यंत्राला पेलेल अशा पातळीवर आणतें. आतां ही पातळी सर्वत्र एक असती तर प्रश्नच नव्हता. परंतु मोठ्या स्टुडिओंच्या सामग्रींत ती १.२३ व्होल्ट धरण्याचा प्रघात आहे, आणि घरगुती वापराच्या लहान यंत्रांत ०.३१६ व्होल्ट. फरक जवळजवळ चौपटीचा झाला. मोठ्या मेजाची तार लहान यंत्रांत खोंचली कीं फीत तुडुंब भरून आवाज फाटतो. उलट लहान मेज मोठ्या यंत्राला जोडलें, तर गायकाच्या आवाजाबरोबर फितीची सूं सूं ऐकत बसावें लागतें. म्हणून कामास आरंभ करण्यापूर्वीं दर सेकंदाला १००० आवर्तनांचा एक सूर मेजावरून प्रत्येक पट्ट्यावर धाडतात आणि दोन्हीकडील मापकांचे कांटे शून्यावर आणतात. मग १०,००० आवर्तनांचा उंच सूर लावून, यंत्राचें हेड फितीशीं काटकोनांत आहे कीं नाहीं हें तपासतात. बैठकीपूर्वीं तंबोरा जुळविण्याचा कंटाळा करणाऱ्या गवयाविषयीं जें बोलावें, तेंच या तपासणीला फांटा देणाऱ्या तंत्रज्ञाविषयींही बोलावें लागेल.

याहून गंभीर गोष्ट भूमिजोडणीची. मेज व यंत्र हीं दोन्ही आपापल्या विजेच्या तारेनें जमिनीशीं जोडलेलीं असतात. ध्वनीच्या तारेवर जें जाळीचें वेष्टन असतें, तें त्यांना पुन्हा एकदां एकमेकांशीं जोडतें. असें एक वर्तुळ पुरें होतें आणि त्यांतून विजेची ५० आवर्तनांची घरघर ध्वनींत शिरते. ही घरघर घालविण्याचा एक उपाय कित्येक ठिकाणीं सर्रास सांगितला जातो: विजेच्या दांडीची भूमितार तोडून टाकावी. घरघर खरोखरच थांबते. पण यंत्रांत कांहीं बिघाड होऊन त्याच्या पत्र्याला वीज भिडली, तर तिला जमिनीकडे जाण्याची वाट उरत नाहीं. हातांत विजेची गिटार आणि ओठांशीं मायक्रोफोन अशा स्थितींत उभा असलेला गायकच मग ती वाट होतो. घरघरीवर हा उपाय करणें म्हणजे उंदरासाठीं घर जाळणें होय. जेथें ध्वनी दोन समतोल तारांवरून नेलेला असतो, तेथें जाळीचें एक टोंक सोडविलें तरी बहुधा भागतें; तेंही न साधल्यास मध्यें लहान ट्रान्सफॉर्मर बसवावा. विजेच्या भूमितारेला हात लावूं नये.

आतां परतीच्या तारेकडे वळावयाचें. अमेरिकेतील गिटारवादक लेस पॉल याला १९४९ सालीं बिंग क्रॉस्बीकडून अँपेक्स कंपनीचें एक यंत्र मिळालें. त्यावर एकच पट्टा होता. लेस पॉलनें पुसणाऱ्या हेडच्या अलीकडे वाचणारें एक जादा हेड बसविलें. जुनें वादन पुसलें जाण्यापूर्वींच तें वाचून घ्यावें, त्यांत नवें वादन मिसळावें, आणि तें मिश्रण त्याच फितीवर पुन्हा उतरवावें, अशी ती युक्ति. परंतु जुनें नाहींसें झाल्याखेरीज नवें उमटत नसे. दहाव्या थराला एक बोट चुकलें, कीं आधींचे नऊही गेले! पत्नी मेरी फोर्ड हिच्यासह त्यानें या काळांत जें काम केलें, त्यामागें हें भय सदैव उभें असे.

थर निरनिराळे राहावेत म्हणून अनेक पट्ट्यांचें यंत्र हवें होतें. परंतु तेथें एक निराळीच अडचण उभी राहिली. यंत्रांत लिहिणारें हेड आधीं व वाचणारें हेड नंतर असतें. दोहोंत दोन इंचांचें अंतर आणि फितीचा वेग सेकंदाला १५ इंच असें धरलें, तर लिहिलेला ध्वनि वाचणाऱ्या हेडपाशीं सेकंदाच्या आठव्या हिश्श्याहून किंचित् उशिरानें पोंचतो. गायिकेनें परतीच्या तारेवरून जुनें वादन ऐकून अचूक तालांत गायिलें, तरी तिचा आवाज फितीवर तेवढाच मागें पडतो. आठवा हिस्सा म्हणजे कांहींच नव्हे असें ज्याला वाटत असेल, त्यानें तबलजीला समेवर तितकें उशिरा यावयास सांगून पाहावें. अँपेक्समधील रॉस स्नायडर यानें पुढें आणलेला तोडगा साधा होता. जुन्या पट्ट्यांपुरतें लिहिणाऱ्या हेडलाच वाचावयास लावावयाचें. आवाज जरा मंद येतो. पण सोबतीला तेवढा पुरतो, आणि जुनें व नवें एकाच रेषेंत बसतें. एक इंच रुंद फितीवर आठ पट्टे असलेलें असें यंत्र १९५७ सालीं लेस पॉलच्या घरीं आलें.

परतीची तार मेजावर कोठें सोडावी याचें मात्र भान हवें. तिसऱ्या पट्ट्याची परत चुकून तिसऱ्याच पट्ट्याकडे जाणाऱ्या वाटेला जोडली आणि यंत्र आलेला ध्वनि तसाच परत देण्याच्या स्थितींत असलें, कीं ध्वनि स्वतःचेंच शेंपूट गिळूं लागतो आणि दालनांत किंकाळी उठते.

या जोडणीची खरी कसोटी लंडनमधील अ‍ॅबे रोडवरच्या ई. एम. आय. स्टुडिओंत १० फेब्रुवारी १९६७ रोजीं लागली. तेथील मेजाला चार बहिर्द्वारें आणि फितीवर चारच पट्टे. बीटल्सच्या ‘अ डे इन द लाइफ’ या गाण्याचे थर आधींच चढले होते, आणि निर्माता जॉर्ज मार्टिन याला त्यांवर ४० वादकांचा वृंद हवा होता. तेव्हां केन टाउनसेंड या तंत्रज्ञानें पहिल्या यंत्राच्या एका पट्ट्यावरून ५० आवर्तनांचा सूर घेतला, त्याचा दाब वाढविला आणि तोच दुसऱ्या यंत्राच्या मोटारीला पुरविला. ती मोटार आवर्तनांच्या गतीनेंच चालणारी असल्यामुळें दुसरें यंत्र पहिल्याच्या मागोमाग धांवूं लागलें. फितीवरून परतणारी तार त्या रात्रीं गाणें नव्हे, तर चाल वाहून नेत होती. वृंद चार वेळां मुद्रित झाला. दोन्ही यंत्रें सुरू करण्याचा क्षण मात्र हातानेंच साधावा लागे.

याच गाण्याचा शेवट २२ फेब्रुवारीला पियानोंवर एका स्वरसंघानें करण्यांत आला. स्वर विरूं लागला तशा मेजावरील सरकपट्ट्या हळूहळू वर चढविण्यांत आल्या, जेणेंकरून मापकाचा कांटा खालीं येऊं नये. स्वर जवळजवळ संपला तेव्हां त्या अगदीं वर होत्या. आणि दालनांत कोणाची तरी खुर्ची करकरली, तीही फितीवर उतरली. ती आजही ऐकूं येते.