सुटीतले व्यसन आणि नोकरीचा प्रश्न



आमच्या अंजनगाव सुर्जीकडे पानमळे आहेत, पानपिंपळीच्या वाड्या आहेत, संत्र्या-केळीच्या बागा आहेत, आणि कपाशी तर आहेच. या सगळ्या कामांना माणूस लागतो. कुणी सालदार, कुणी रोजंदार, कुणी जिनातला कामगार, तर कुणी ट्रकवरचा ड्रायव्हर. माणूस कामाला आला की त्याच्या बऱ्या-वाईट सवयीही त्याच्याबरोबर येतात. आज अशाच एका सवयीबद्दल, आणि तिच्यापायी एखाद्याची भाकरी काढून घ्यावी की नाही याबद्दल, आपल्याशी चार शब्द बोलणार आहे.

समजा, जिनात काम करणारा एक गडी सुटीच्या दिवशी बहिरमच्या यात्रेला गेला. रोडगे खाल्ले, देवदर्शन केले आणि संध्याकाळी चार सोबत्यांत बसून चिलमीचे दोन दम मारले. कुणीतरी ते पाहिले आणि गोष्ट मालकाच्या कानावर गेली. एक दिवस मध्ये गेला. तिसऱ्या दिवशी गडी वेळेवर, शुद्धीत, डबा घेऊन फाटकाशी उभा राहिला. मुकादम म्हणाला, "उद्यापासून येऊ नको."

गडी म्हणाला, "मुकादम, कामात काई चुकलं काय माह्यं?"

मुकादम म्हणाला, "कामात नाई चुकलं. पन गंजेडी मानूस मालकाले नाई पायजे."

आता मला सांगा, मालकाला हा अधिकार असावा काय?

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. मी गांजाची वकिली करायला इथे बसलेलो नाही. गांजा आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने बंद आहे. तो ओढणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आणि व्यसन काय करते हे आमच्या तालुक्याला बाहेरून कुणी शिकवायला नको. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली याच तालुक्यातल्या शेंडगावचा. वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले. आई लहानग्या डेबूला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली आणि तो मामाच्या घरी गुरे राखत वाढला. पुढे जन्मभर बाबा कीर्तनातून व्यसनाविरुद्ध बोलत राहिले, त्याची मुळे या घरात होती.

पण याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूनेही पाहा. झिंगराजी गेले तेव्हा त्या घराचा कमावता हात गेला. व्यसनाने घर बुडते ते असे. आता व्यसन सोडवायचे म्हणून आपण गड्याची नोकरी काढून घेतली, तर घराचे काय होते? पुन्हा कमावता हातच जातो. जे दारूने केले असते तेच आपण केले. लेकरांच्या ताटातली भाकरी दोन्हीकडून सारखीच जाते.

म्हणून या प्रश्नाचे दोन भाग करावे लागतात. गांजा ओढणे हा गुन्हा आहे काय? आहे. त्याची शिक्षा कायद्याने ठरवलेली आहे, आणि ती द्यायला पोलीस आहेत, न्यायालय आहे. पण मालकाने त्यावर आपली वेगळी शिक्षा चढवावी काय, हा दुसरा प्रश्न. न्यायालयाच्या शिक्षेला मोजमाप असते. नोकरी गेल्याच्या शिक्षेला मोजमाप नसते, आणि ती एकट्या गुन्हेगारालाही होत नाही.

मालकाची बाजूही खोटी नाही. समजा, तोच गडी जिनाच्या आवारात रुईच्या ढिगाजवळ चिलीम पेटवून बसला. एक ठिणगी पडली तर सगळा हंगाम जळून जाईल, माणसेही जळतील. तिथे पहिल्याच वेळी त्याला काढले तर मी मालकाला दोष देणार नाही. किंवा गडी नशेत यंत्रावर उभा राहिला, तर त्याचा हात जाईल, शेजारच्याचाही जाईल. ड्रायव्हरचे तर विचारूच नका. त्याच्या हाती लोकांचे प्राण असतात. १९८८ चा मोटार वाहन कायदा पाहा. दारूसाठी त्याने माप ठरवले आहे, शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम. इतर नशेसाठी तो विचारतो की, गाडी नीट ताब्यात ठेवता येणार नाही इतका हा माणूस अमलाखाली होता काय? म्हणजे चाकावर हात असताना माणसाची अवस्था काय होती, हे कायदा पाहतो.

मला वाटते, सगळ्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे. मालकाने विकत घेतलेले असतात ते कामाचे तास, आणि त्या तासांत गडी शुद्धीत असला पाहिजे. उरलेले तास गड्याचे आहेत. त्यांत तो चुकला तर गाव आहे, घर आहे, कायदा आहे.

आपल्या न्यायालयांनीही हा विचार केला आहे. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका कोळसा कंपनीचा खटला आला. कामगार दारू पिऊन अधिकाऱ्याच्या क्वार्टरवर गेला आणि तिथे त्याने शिवीगाळ केली. न्यायालयाने म्हटले की, दारू पिऊन दंगा करण्याबद्दलचा नियम साधारणपणे कामाच्या जागी आणि कामाच्या वेळी लागू होतो. पण इथे क्वार्टर खाणीच्या जवळच होते आणि प्रकार अधिकाऱ्याशी घडला होता. म्हणून कामगाराला दोषी धरणे योग्य ठरले. पुढे १९८३ साली ग्लॅक्सो कंपनीच्या खटल्यात न्यायालय अधिक स्पष्ट बोलले. कारखान्याशी ज्याचा संबंध नाही अशा बाहेरच्या वागणुकीबद्दल मालकाला शिक्षा देता येणार नाही. मालक हा काही गावच्या कायदा-सुव्यवस्थेचा रखवालदार नव्हे आणि कामगारांना वळण लावणारा गुरूही नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता.

तेव्हा स्थायी आदेशांचा १९४६ चा कायदा चालू होता. आता त्याची जागा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे, आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कायद्याचे नाव बदलले, पण कामाशी संबंध आहे काय, हा प्रश्न मालकाला अजूनही चुकवता येत नाही.

कुणी म्हणेल, "अहो, आता तपासणी निघाली आहे. लघवी तपासा आणि खरे-खोटे करा." इथे जरा सावध राहा. दारूची फुंकर-तपासणी माणूस त्या घटकेला किती प्यालेला आहे ते दाखवते. गांजाचे तसे नाही. त्याचे अवशेष लघवीत कित्येक दिवस सापडतात, आणि रोज ओढणाऱ्याच्या बाबतीत तर काही आठवडेसुद्धा. म्हणजे ही तपासणी सांगते की माणसाने मागे कधीतरी गांजा घेतला होता. तो आज नशेत आहे की नाही, हे ती सांगत नाही. बहिरमला दोन दम मारलेला आणि आज सकाळी दम मारून आलेला, दोघेही तिच्या लेखी सारखेच.

अमेरिकेत हाच वाद मोठा झाला. तिथल्या कोलोरॅडो राज्यात औषध म्हणून गांजा घ्यायला परवानगी होती. अर्धांगाने खुर्चीला खिळलेला एक तरुण टेलिफोनवर ग्राहकांशी बोलण्याची नोकरी करीत असे आणि दुखण्यासाठी रात्री घरी गांजा घेई. २०१० साली तपासणीत ते सापडले आणि त्याला काढून टाकले. कामात नशेत असल्याचा आरोप त्याच्यावर नव्हता. तरी २०१५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्याविरुद्ध दिला, कारण देशाच्या कायद्याने गांजा बंदच होता. त्यानंतर वारे फिरले. कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२४ पासून नियम केला की, कामाबाहेरच्या गांजासाठी किंवा नुसत्या जुन्या अवशेषांसाठी माणसाला काढू नये. कामावर नशा करण्याची मुभा मात्र तिथेही नाही, आणि बांधकामासारखी धोक्याची कामे त्यांनी या नियमातून वगळली आहेत. आपला कायदा वेगळा, समाज वेगळा. पण कामावरची नशा आणि कामाबाहेरची सवय यांत फरक करावा लागतो, हे तिथेही लोकांना अनुभवाने कळले.

आता गुरुजींकडे वळतो, कारण त्यांचा प्रश्न थोडा निराळा आहे. गुरुजींचे काम शाळेची घंटा झाली म्हणून संपत नाही. पोरे त्यांना बाजारातही पाहतात. सरकारी नोकरांसाठी केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत म्हटले आहे की, सार्वजनिक जागी नशा करू नये, नशेत सार्वजनिक जागी दिसू नये आणि नशेचा अतिरेक करू नये. गुरुजी चावडीसमोर झिंगून पडले, तर ती त्यांची खाजगी गोष्ट म्हणता येणार नाही. ती कामाशी जोडलेलीच आहे. पण तिथेही ऐकीव गोष्टीवर कुणाची नोकरी घेता येत नाही. खाजगी शाळांसाठी १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आली. चौकशी समितीत तीन माणसे ठेवली: एक संस्थेचा, एक कर्मचाऱ्याने निवडलेला आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांपैकी. गुरुजींना आपली बाजू मांडायला जागा मिळाली ती अशी.

पण सालदाराचे काय? त्याचे साल पाडव्याला किंवा अक्षय्यतृतीयेला ठरते, तोंडी ठरते. त्याला चौकशी समिती नाही. त्याच्यासाठी मालकाची न्यायबुद्धी हाच कायदा. म्हणून शेतमालक बंधूंना मी विनंती करतो, गड्याला काढण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला, त्याने जे केले त्याने माझ्या कामाचे किंवा कुणाच्या जिवाचे नुकसान झाले काय, किंवा उद्या खरोखर होईल काय? दुसरा, मी स्वतः पाहिले की नुसते ऐकले? आणि ऐकले असेल तर त्याला विचारले काय? तिसरा, शिक्षा चुकीच्या मानाने आहे काय? १९७१ साली आपल्या राज्यात कामगारांसाठी जो कायदा झाला, त्यात हेच तत्त्व घातले होते. किरकोळ चुकीसाठी, माणसाची आजवरची नोकरी न पाहता, अवाच्या सवा शिक्षा देणे ही अनुचित प्रथा ठरवली गेली. दहा वर्षे खळे राखलेल्या माणसाला एका संध्याकाळच्या चुगलीवर काढू नये, हा आपला गावठी न्यायही याहून वेगळा नाही.

आणि सवय खरोखरच जडली असेल तर? सकाळी डोळे लाल, बैल सुटलेले, पाणी दांडाबाहेर वाहते आहे. मग ही कामाची गोष्ट झाली, आणि मालकाला बोलायचा पूर्ण हक्क आहे. आधी समज द्या. मग घरच्यांना बोलवा आणि त्याला दवाखान्यात घेऊन जा. १९८५ च्या त्या कडक कायद्यानेसुद्धा एक दार उघडे ठेवले आहे. गांजा घेतल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस आपण होऊन उपचाराला तयार झाला, तर त्याला खटल्यातून मोकळीक मिळू शकते. सरकार जिथे माणसाला सुधारायची संधी देते, तिथे मालकाने सरकारहून कठोर का व्हावे? एवढे करूनही तो सुधारला नाही आणि कामात पुन्हा पुन्हा चुकला, तर त्याला काढा. तेव्हा गावही तुम्हाला बोल लावणार नाही.

फाटकाशी डबा घेऊन उभा असलेल्या त्या गड्याकडे आता परत जाऊ या. मी मुकादम असतो तर त्याला म्हटले असते, "हे पाह्य भाऊ, यात्रेत काय केलं ते मी आयकलं. बरं नाई केलं. घरी लेकरं हायेत, त्याहिचा विचार कर. आन् या फाटकाच्या आत चिलीम दिसली, त मंग माह्याशी गाठ हाये. जाय आता, कामाले लाग."

एवढे बोलून त्याला आत सोडले असते. जिनाचे काम चालू राहिले असते आणि संध्याकाळी त्याच्या घरची चूलही पेटली असती.