छोटा टिलवा : गावतळ्यावरील पाहुणा



पावसाळा सरला, तळ्याचे पाणी ओसरू लागले, की काठच्या चिखलात चिमणीएवढे पक्षी लगबगीने चोच मारताना दिसतात. मुले त्यांना खडे मारून उडवितात. हा छोटा टिलवा होय. वजन सुमारे २५ ग्रॅम. पाय काळे, पोट पांढरे. त्याचे घरटे स्कँडिनेव्हिया व सायबेरियाच्या उत्तर टोकाकडील वृक्षहीन प्रदेशात, जमिनीवर असते. मादी बहुधा चार अंडी घालते. पिल्ले जन्मतःच स्वतः भक्ष्य टिपतात. प्रौढ पक्षी आधी निघतात. पिल्ले मागाहून, वाटाड्यावाचून, हजारो किलोमीटर ओलांडून येतात.

परतीच्या प्रवासाची शिदोरी म्हणजे या चिखलातील किडे व अळ्या खाऊन अंगी साठविलेली चरबी. पक्षी वारंवार उडविल्यास ती साठत नाही. काठ भराव घालून बुजविल्यास ती मिळतच नाही.

म्हणून शिक्षकाने वर्ग काठापासून दूर, शांत बसवावा. पक्ष्यांच्या आगमनाची तारीख व संख्या मुलांकडून वहीत नोंदवून घ्यावी. नंतर नकाशावर सायबेरिया दाखवावा. ती वाट ज्याने बोटाने गिरविली, तो मुलगा सहसा खडा उचलणार नाही.